खांदेरीचे पाणी

आरमार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठाल्या तोफांची जहाजे उभी राहतात. खांदेरीची हकीकत मात्र निराळी आहे. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर हे लहानसे बेट. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांस तेथे धाडून तट बांधावयास घेतला. बेट पडले मुंबई बंदराच्या वाटेवर. इंग्रजांस ते कसे रुचावे? त्यांनी गलबते आणून बेटाची नाकेबंदी केली.

१८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढविला. 'डव्ह' नावाची इंग्रजांची गुराब हाती लागली. पण 'रिव्हेंज' ह्या एकट्या जहाजाने तोफांच्या बळावर मराठी गलबतांस नागोठण्याच्या खाडीकडे पिटाळले. समोरासमोरच्या झुंजीत आपली बाजू लंगडी होती, हे प्रांजळपणे म्हटलेच पाहिजे. परंतु खरी लढाई रात्रीची. उथळ पाण्यातून जाणाऱ्या वल्ह्यांच्या हलक्या होड्या काळोखात किनाऱ्यावरून निघत, आणि जड जहाजे वाऱ्याची वाट पाहात असत तोवर दाणागोटा, दारूगोळा बेटावर उतरवून परतत. महिनाअखेरीसही घरची चूल पेटती ठेवणाऱ्या भगिनींना ह्या कामाचे मोल निराळे सांगावयास नको!

तट उभा राहिलाच. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली. सिद्दीने मात्र शेजारचे उंदेरी बळकावले, आणि जवळजवळच्या त्या दोन बेटांवरून तोफा एकमेकींवर रोखलेल्या राहिल्या.