निःशब्दांचे वकील

ज्याला स्वतः बोलतां येत नाहीं त्याच्या वतीनें न्यायालयांत वकील उभा राहतो. पण तो वकीलच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा केला गेला तर? स्वमग्न मुलांच्या, विशेषतः जीं मुळींच बोलत नाहींत अशा मुलांच्या इतिहासांत असेंच घडलें आहे.

अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. स्वमग्नतेच्या निदानाचा पाया तो लेख. अकरांपैकीं तिघें बोलत नसत. कित्येकांना तर मंदबुद्धि किंवा बहिरीं समजूनच तपासणीस आणलें होतें. मग त्यांच्या बाळपणाची हकीकत सांगितली कोणीं? आईबापांनीं. पहिल्या मुलाच्या वडिलांनीं १९३८ सालीं ३३ पानांचें टंकलिखित पत्र धाडलें होतें. तो मुलगा बोलत असे खरा, परंतु स्वतःविषयीं सांगण्याजोगें नव्हे. तो काय खातो, गोल वस्तु कशा गरगर फिरवितो, हें त्या पत्रामुळें कळलें.

ज्यांच्या टिपणांवर शास्त्र उभें राहिलें, त्यांच्यावरच पुढें बोट रोखलें गेलें. कॅनर यांनीं मूळ लेखांत हा दोष जन्मजात मानला होता. तरी १९४९ मध्यें त्यांनींच या घरांतील मायेच्या अभावाला शीतकपाटाची उपमा दिली. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनीं १९६७ च्या ग्रंथांत आईबापांचा, त्यांतही आईचा, नकार हेंच मूळ धरलें, आणि अशा मुलाच्या स्थितीची तुलना नाझी छावणींतील कैद्याशीं केली. ते स्वतः त्या छावण्या भोगून आले होते, हें आठवलें म्हणजे मन अधिकच विषण्ण होतें. मूल सांगूं शकत नाहीं. आई सांगते, तर तिचें कोणी खरें मानीत नाहीं!

या कोंडींतून वाट काढली ती एका बापानें. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलाच्या नोकरींतील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न. उपलब्ध वाङ्मय धुंडाळून त्यांनीं १९६४ सालीं ग्रंथ लिहिला आणि मूळ कारण शरीरांत आहे, संगोपनांत नव्हे, असें प्रतिपादिलें. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची! ग्रंथाच्या शेवटीं जोडलेली प्रश्नावली भरून आईबाप त्यांना पत्रें धाडूं लागले. १९६५ सालीं पालकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९६९ सालीं तिच्या परिषदेंत कॅनर यांनीं आईबापांना जाहीरपणें दोषमुक्त केलें. १९७५ च्या कायद्यानें अपंग मुलांना सरकारी शाळेचें दार उघडलें, आणि मुलाची योजना ठरविणाऱ्या बैठकींत पालकाला आसन दिलें.

तथापि वकिलीलाही मर्यादा आहे. १९९० च्या दशकांत मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरें टंकविण्याची पद्धत पसरली. आईबापांना केवढा आनंद झाला असेल! परंतु परीक्षणांत तीं वाक्यें हात धरणाऱ्याचीं निघालीं. चित्रफलक किंवा यंत्र यांच्या साहाय्यानें मूल स्वतः निवड करितें ती गोष्ट निराळी. तो शब्द त्याचा असतो.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत तो आला. २०१६ च्या कायद्यानें ती एकवीस अपंगत्वांत स्वतंत्रपणें गणली. यामागेंही पालकांचा पाठपुरावा आहेच. मूल अठरा वर्षांचें झालें कीं आईबापांचें नैसर्गिक पालकत्व संपतें, आणि त्याच्या सहीवांचून बँकेंतील व्यवहार अडतो. १९९९ च्या कायद्यान्वयें मग पालक म्हणून नेमणूक व्हावी यासाठीं स्थानिक समितीपुढें अर्ज करावा लागतो. अठरा वर्षें त्याच्या डोळ्यांतून त्याची तहानभूक ओळखणारी आईसुद्धां तेथें अर्जदार म्हणूनच उभी राहते.