मेंढरं उठून गेली, जागा राहिली

मंडळी, उन्हाळ्यात आमच्या खालच्या पट्टीत धनगरांचा वाडा चार रात्री बसला होता. आता बाजरी गुडघ्याला आलीय आणि वाघर जिथं जिथं लागली होती तेवढे घेर बांधावरून ओळखू येतात. काळपट हिरवे. वडील सांगायचे, मेंढरं बसलेली जागा तीन वर्षं बोलते. केनियात अशी जागा तीन हजार वर्षं बोलतेय असं वाचलं, म्हणून ही नोंद.

फिओना मार्शल या अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पुरातत्त्वज्ञ. आफ्रिकेतल्या जुन्या पशुपालकांचा अभ्यास हे त्यांचं काम. केनियाच्या नैर्ऋत्येला, नारोक भागात, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच जुन्या वस्त्यांच्या जागा तपासल्या. वय १५५० ते ३७०० वर्षं. २०१८ साली ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. गाई, शेळ्या, मेंढ्या घेऊन फिरणारे लोक, रात्री जनावरं कोंडायची, काही काळानं मुक्काम हलवायचा. आजचे मसाई काटेरी कुंपणात जनावरं कोंडतात तसंच.

तिथं आता भिंत नाही, छप्पर नाही. झाडोऱ्यात मधेच साधारण १०० मीटर रुंदीची गवताची गोल मोकळी जागा दिसते, उपग्रहाच्या चित्रातसुद्धा. खणलं की बारीक राखाडी मातीचा थर लागतो. ते जुनं शेण! मातीच झालेलं शेण ओळखायचं कसं, तर गवतातले सिलिकाचे कण त्यात राहतात, आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तयार होणारे चुन्याचे अतिसूक्ष्म गोळेही सापडतात. सोडून दिलेल्या मसाई वाड्यांची माती तपासून ही खूणगाठ आधीच बांधलेली होती.

आता आपल्या कामाचं. या थरात स्फुरद, कॅल्शियम, मॅग्नेशियम आसपासच्या जमिनीपेक्षा बरंच जास्त निघालं. नत्राचा जड प्रकारही जास्त. गोठ्यात नाकात जातो तो अमोनिया, त्यातून हलकं नत्र आधी उडतं, जड मागं राहतं. म्हणून ती शेणाची पक्की खूण.

पण तीन हजार वर्षं टिकलं कसं? माणसं गेल्यावर तिथं सकस गवत आलं. ते खायला रानातली जनावरं आली, आणि खाऊन तिथंच हगली-मुतली. पुन्हा गवत. म्हणजे खत एकदा पडलं आणि पुढचा फेरा जनावरांनी चालू ठेवला.

दख्खनमध्येही गुरं कोंडायचे, पण शेणाचं वेगळं झालं. कर्नाटक-तेलंगणात नवाश्मयुगातले राखेचे मोठे ढिगारे आहेत. तेलंगणातल्या उतनूरला ऑलचिन यांना राखेत गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले. कर्नाटकातलं बुदिहाळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पद्दय्यांनी खणलं. तिथं शेण साठवून जाळलं जायचं. जाळल्यावर नत्र हवेत गेलं, राख उरली.

हे वाचून कुणी लगेच “चराईनं जमीन सुधारते” असं लिहील. थांबा. मेंढरू स्फुरद तयार करत नाही. दिवसभर माळावरून तोंडातोंडानं गोळा करतं आणि रात्री एका जागी टाकतं. केनियातही चौफेर रानातलं एका गोलात आलं. माझ्या पट्टीत जे पडलं ते कुठल्या तरी गायरानातून, पडीक रानातून आलंय, त्याचे पैसे मी धनगराला दिले, गायरानाला कुणी दिले? आमच्याकडं गायरान वर्षाला थोडं थोडं आत सरकतंय, कुणाचा बांध, कुणाची शेड. त्यातल्या एका बांधावर मीही गप्प बसलोय. धनगर यंदा म्हणाले, “पाव्हणं, माळच राहिना, पुढल्या साली हिकडं येणं अवघड हाय.” मोकळ्या माळाशिवाय मेंढरू माझ्या शेतात काय आणून टाकणार?

या आठवड्यात घेराच्या आतला आणि बाहेरचा नमुना वेगळा काढून माती परीक्षणाला देतोय. सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद दोन्ही बघायचंय. आकडे आले की टाकतो. तुमच्याकडं मेंढरं बसवायचा रात्रीचा दर काय चाललाय आणि धान्य देता का रोख, तेही कळवा.