शाहिराचं नाव शेवटच्या कडव्यात

आपल्या इतिहासाच्या गप्पांमध्ये आज आम्ही शाहिरांविषयी बोलणार आहोत. जे स्वतः गाणं रचायचे आणि स्वतःच डफ-तुणतुण्यावर उभे राहून गायचे, असे हे पुरुष. त्यांची गाणी आपण जत्रेत, शिवजयंतीला, पूर्वी रेडिओवरही ऐकली. ती कशी झाली, कोणाच्या सांगण्यावरून झाली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आम्ही शोधायला बसलो तेव्हा जवळजवळ प्रत्येक गाण्यामागे एखादी बाई सापडली.

पोवाडा रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. त्याला नाममुद्रा म्हणतात. पोवाडे लिहून ठेवायची पद्धत फारशी नव्हती. गोंधळी आणि शाहीर ते तोंडपाठ करत आणि मुलाला, शिष्याला शिकवत. दोन-अडीचशे वर्षं गाणं असं तोंडातोंडी चाललं, तरी कवीचं नाव टिकलं ते या एका सोयीमुळे.

शिवाजी महाराजांच्या काळातला अफजलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाचा. त्याला अगिनदासही म्हणतात. खान मारला गेला 10 नोव्हेंबर 1659 ला, प्रतापगडाच्या पायथ्याशी. हा पोवाडा जिजाऊंनी रचवून घेतला असं सांगितलं जातं. बक्षीस म्हणून शाहिराला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा मिळाला. एका गाण्याची ही बिदागी! आजच्या कलाकारांनी ऐकून गप्प बसावं.

दुसरा पोवाडा तुळशीदासाचा, तानाजी मालुसऱ्यांवरचा. सिंहगडाची लढाई 4 फेब्रुवारी 1670 ची. त्याआधी 1665 साली पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले होते, त्यात हा कोंढाणाही गेला. इतिहासाचं पुस्तक तिथून सुरू होतं. तुळशीदास मात्र सुरुवात करतो जिजाऊंपासून. त्या प्रतापगडावर केस विंचरत बसल्या आहेत, लांबवर कोंढाणा दिसतो आणि तो आपल्याकडे नाही हे मनाला लागतं. मग मुलाला तातडीनं बोलावणं जातं. आल्यावर आई त्याच्याशी सोंगट्यांचा डाव मांडते, डाव जिंकते आणि पैजेत किल्ला मागते. मुलाला नाही म्हणता येत नाही.

आता प्रतापगड आहे जावळीत आणि सिंहगड पुण्याजवळ. मधे डोंगरांच्या रांगाच रांगा. केस विंचरता विंचरता दिसावा असा तो किल्ला नाही. दोर लावून कडा चढणारी घोरपडही अशीच. सभासदाच्या जुन्या बखरीत ती नाही. तिथे मावळेच वानरांसारखे चढून जातात. म्हणजे पोवाडा खोटा का? आम्हाला तसं वाटत नाही. तारखा नि अंतरं पोवाड्यात शोधू नयेत. पण गावोगावच्या माणसांच्या मनात जिजाऊ कशा होत्या, ते यात पक्कं दिसतं. देवघरात बसून आशीर्वाद देणारी आई तुळशीदासाला ठाऊक नाही. त्याची जिजाऊ डाव टाकते आणि जिंकते.

हे पोवाडे पुस्तकात आले ते 1891 साली. हॅरी अ‍ॅक्वर्थ नावाचा एक इंग्रज अधिकारी मुंबई महापालिकेचा आयुक्त होता. त्यानं शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या मदतीनं ते गोळा केले. मुंबईत वडाळ्याला कुष्ठरोग्यांचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय आहे, तेही याच माणसाच्या नावाचं. पुस्तकाचं नाव ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’. त्यातलं ‘व स्त्रियांचे’ आम्ही दोनदा वाचलं.

पेशवाईत शाहिरांचा बाजार भरात होता. जेजुरीचा सगनभाऊ जातीनं शिकलगार, हत्यारांना धार लावणारा मुसलमान. सिन्नरकडचा परशराम शिंपी. पुण्याचा होनाजी गवळी, त्याच्या लावण्या बाळा करंजकर गायचा, म्हणून ‘होनाजी बाळा’ हे नाव जोडीनंच घेतात. 1951 सालचा ‘अमर भूपाळी’ हा सिनेमा याच होनाजीवर निघाला.

या सगळ्यांत गोष्ट सांगावी ती अनंत फंदीची. हा संगमनेरचा, जातीनं ब्राह्मण, आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याचा दोस्ताना होता, त्यावरून लोक यालाही फंदी म्हणू लागले. तमाशात त्याचं नाव मोठं झालं. अहिल्याबाई होळकरांनी त्याची कवनं ऐकली आणि त्याला सुनावलं, की एवढी बुद्धी असून ती या नादात का घालवतोस? सांगतात की फंदीनं डफ टाकला आणि कीर्तनाला उभा राहिला. पुढे लोकांना वागण्याबोलण्याचे चार खडे बोल सुनावणारे ‘फटके’ त्यानं रचले. तेच आज शाळेच्या पुस्तकांतून त्याला ओळख देतात.

एका राज्यकर्त्या बाईचं बोलणं मोठ्या शाहिरानं मनावर घेतलं, हे ऐकायला आम्हाला छान वाटतं. पण एक सल उरते. शाहीर डफ टाकून कीर्तनकार झाला, त्याची इज्जत वाढली. पुढे ज्या बाया तमाशाच्या फडात नाचल्या-गायल्या, त्यांना असा रस्ता बदलायला कुणी दिला?

पवळाचंच बघा. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, जन्म 1866 चा. कुलकर्णीपण आणि घरदार सोडून ते तमाशात गेले. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा महार समाजातली. फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या मोजक्या बायांत तिचं नाव घेतात. बापूरावांनी लावणी रचायची आणि पवळानं ती उभी करायची. लोक मैलोन् मैल चालत यायचे ते दोघांसाठी. शेवटच्या दिवसांत बापूरावांची फार हलाखी झाली, 1945 साली ते गेले. लावणीत नाममुद्रा त्यांची. पवळाची नाही. ती गात होती, रचत नव्हती, म्हणून नाही, असं कुणी म्हणेल. पण गाताना बाई किती शब्द आपले घालते, ते आपल्याला माहीत आहे.

त्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. जन्म 1 ऑगस्ट 1920, मांग समाजात. शाळा दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी चालत मुंबई गाठली, पडेल ते काम केलं, गिरणीत राबले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं.

त्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीवर जरा थांबू. पहिल्यांदा ऐकताना ते नवरा-बायकोचं गाणं वाटतं. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी, गावात मागे राहिलेली मैना, तिचं रूप, निरोपाच्या वेळची तिची अवस्था, दागिने आणायचा शब्द, आणि मुंबईत गेल्यावर उडालेली दैना. मग गाणं वळतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव महाराष्ट्राबाहेर राहात होते. अण्णाभाऊ म्हणतात, मैनेची आणि माझी जशी ताटातूट, तशीच ही. गिरणगावात हे गाणं ऐकणाऱ्या हजारोंची बायको खरोखरच गावी होती. म्हणून राजकारणाचं गाणं काळजाला भिडलं. राज्य 1 मे 1960 ला झालं. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तेव्हाही बाहेरच राहिले.

आम्ही हे गाणं ऐकलं तेव्हा आमच्या मनात दुसराच विचार आला. गावावर राहिलेल्या मैनेनं काय गायलं असेल? पहाटे उठून, जात्यावर बसून? तिनं शेत सांभाळलं, सासू-सासरे बघितले, मनीऑर्डरची वाट पाहिली. तिच्या ओव्या कोणी छापल्या?

थोड्या छापल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मुळशी भागातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. मुख्य म्हणजे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिपलं गेलं.

अमर शेखांचं सांगायचं राहिलं. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गाव बार्शी. गाडीवर क्लीनर होते, गिरणीत होते. माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत जाईल असा आवाज. त्यांची आई मुनेरबी लोकगीतं, ओव्या गायची. गाण्याचा वारसा तिच्याकडून आला. अण्णाभाऊ 18 जुलै 1969 ला गेले आणि अमर शेख त्याच वर्षी 29 ऑगस्टला, अपघातात. दोघांत सहा आठवड्यांचं अंतर.

तर पुढच्या भागासाठी एक काम. गटाच्या बैठकीला येताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून एक तरी ओवी वहीत उतरवून आणा. खाली तिचं नाव लिहा, आणि माहेर, सासर दोन्ही गावं. ‘अमक्याची आई’ असं लिहू नका.