फडक्याला लागलेला रंग

टोकावड्याला कल्याण-नगर रस्त्यापासून थोडे आत, मामांच्या घराच्या पडवीला लागून पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात एक लाल प्रीमियर पद्मिनी उभी आहे. ती आता चालत नाही. जुन्या वाहनांची आर.सी. पुस्तके, विक्रीच्या पावत्या, गॅरेजची बिले जमवत मी बरीच वर्षे हिंडलो. पण या गाडीने जे दाखवले ते कुठल्याही कागदावर नव्हते. मागच्या दिव्यांवर निघालेल्या पंखांच्या धारांवर आणि दरवाजांच्या कडांवर तिचा लाल रंग संपून खालचा राखाडी प्रायमर दिसतो. टपावर आणि दरवाजांच्या सपाट भागावर मात्र रंग शाबूत आहे. ऊनपावसाने गेलेला रंग अशा कडा निवडून जात नाही. हा रंग हाताने गेला आहे, वीस-बावीस वर्षांच्या पॉलिशने.

त्यातला थोडा मीही घालवला आहे. मामांनी ही गाडी 1981 साली जुनी म्हणून घेतली. सुट्टीत आलेल्या भाच्यांना कामाला लावण्याची रीत होतीच. मामांचा क्रम ठरलेला असे. आधी भरपूर पाणी, कारण मुरुमाच्या धुळीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे रंगावर वाळू घासणे. मग सावलीत वाळवणे, मग रबिंग, मग पॉलिश आणि शेवटी मेण. मामींचे जुने नऊवारी फाडून केलेली फडकी वेगळ्या डब्यात असत. फडके जमिनीवर पडले की ते बाद. रबिंग झाल्यावर फडके लालभडक व्हायचे आणि आम्हाला वाटायचे, किती मळ निघाला! तो मळ नव्हता, रंगच होता.

त्या काळच्या गाड्यांवर बहुधा एकाच जातीच्या रंगाचे थर असत, वर पारदर्शक संरक्षक थर नसे. उन्हाने वरचा पापुद्रा पांढुरका, भुकटीसारखा होई. रबिंगमधली बारीक खर तो पापुद्रा खरवडून काढी आणि खालचा ताजा रंग उघडा पाडी. म्हणजे प्रत्येक चकाकीची किंमत रंगातूनच वसूल होत होती. कडांवर रंगाचा थर मुळातच पातळ बसतो आणि बोटांचा दाब तिथेच जास्त पडतो, म्हणून त्या आधी गेल्या.

मग माणसे इतकी का घासत होती? हौस म्हणून, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या बांधायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर, नुसती जोडणी नको, भाग इथेच बनवा, असे सरकारी धोरण आले आणि 1954 मध्ये तो कारखाना बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र कुर्ल्यात टिकली. डॉज-प्लिमथनंतर तिथे फियाट 1100 बनू लागली आणि 1974 पासून तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. परवाना पद्धतीत किती गाड्या बनवायच्या हेही सरकार ठरवी. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे हाती असलेल्या गाडीला नव्याहून जास्त भाव येई. अशा गाडीचा रंग म्हणजे घरातली ठेव होती. मामांनी पासबुक जपले तितकेच बॉनेट जपले, असे मी म्हणतो. मामींना हे मान्य नाही. त्यांच्या मते पासबुकाला कुणी दर रविवारी आंघोळ घालत नाही.

गॅरेजवाल्यांच्या तोंडी असलेला ‘ड्यूको’ शब्द याच इतिहासातला. पहिल्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवल्या जात. तेलाच्या व्हार्निशचे हात देणे, वाळवणे, घासणे यात आठवडे जात. ड्यूपाँ कंपनीने 1920च्या दशकात नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग ड्यूको या नावाने आणला, जनरल मोटर्सने तो 1924च्या ओकलंड गाड्यांना लावला आणि रंगकामाचा वेळ तासांवर आला. आपल्याकडे पुढे कपाटालाही ‘ड्यूको मारला’ म्हणू लागले. या जातीच्या रंगाला इंग्रजीत लॅकर म्हणतात. तो शब्द संस्कृत लाक्षेपासून अरबी, पोर्तुगीज, फ्रेंच असा फिरत तिथे गेला. सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढते त्या लाखेचा मात्र त्या रंगात कणही नाही.

मेणाची गोष्ट जास्त जवळची. आमच्या भागातले कातकरी आणि ठाकर रानातला मध काढतात, त्यामुळे पोळ्यांचे मेण मिळे. बाजारचे डबीतले पॉलिश महाग म्हणून मामांनी एका वर्षी हे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून गाडीला लावले. चकाकी सुरेख आली. दोन दिवसांत गाडी धुळीने माखली आणि पुसल्यावर रेघोट्या उठल्या. कारण मला फार उशिरा कळले. मधमाशीचे मेण 62 ते 64 अंशांना वितळते आणि गडद रंगाचा पत्रा वैशाखात तितका सहज तापतो. मऊ झालेले मेण धूळ धरून ठेवते. मोटारीच्या मेणात घालतात ते कार्नोबा, ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे. ते 82 अंशांच्या पुढे वितळते. ते झाड कोरड्या हवेत पानातले पाणी राखायला मेण धरते, आम्ही माळशेजच्या पायथ्याशी पाणी बाहेर ठेवायला लावत होतो. कौले चाळणे, सरपण भरणे यांबरोबरच गाडीला मेण हे मामांच्या आगोटीच्या कामांत मोडे. पहिल्या पावसात बॉनेटवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहिले की ते समाधानाने आत जात. थेंब पसरले तर पुन्हा डबी निघे.

दुसरा हात दसऱ्याच्या आधी. पूजेचे हळदकुंकू उघड्या रंगावर डाग धरते, मेणावर पडले तर पुसून निघते. मामी बोनेटवर स्वस्तिक काढायच्या आणि आरती होताच मामा ओले फडके घेऊन हजर.

मग ते सगळे हळूहळू संपले. मारुती 1983च्या डिसेंबरात आली, पुढे परवान्यांची गाठ सैल झाली आणि गाडी बदलता येण्याजोगी वस्तू झाली. रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत आली. तो थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. त्यावर जुन्या सवयीने रबिंग चालवले तर थर जातो आणि खालचा रंग काही वर्षांत सोलपटतो. फडके मात्र पांढरेच राहते, त्यामुळे आपण काय घालवतोय ते कळतही नाही. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मधली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर, 30 ऑक्टोबर 2023 पासून तीही रस्त्यावरून गेली.

गेल्या दिवाळीत मामेभावाने नवी गाडी आणली. कल्याणला पैसे मोजून वर सिरॅमिकचा थर देऊन आणलेली. मामांनी सवयीने फडके उचलले, तर तो म्हणाला, “बाबा, हिला काही लावायचं नाही.” मामा काही बोलले नाहीत. संध्याकाळी पाहिले तर ते शेडमध्ये होते, पद्मिनीच्या प्रायमर उघडे पडलेल्या धारेवर बोटाने मेण चढवत. तिथे घासण्यासारखे आता काही उरलेले नाही, म्हणून त्यांनी फडके बाजूला ठेवले होते.