कापसाची पारख : इन्स्पेक्टर ते कॅमेरा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. तापीकाठच्या काळ्या जमिनीतला कापूस आणि त्यातल्या कचऱ्याची तक्रार मात्र कितीतरी जुनी. हा मुलूख खानदेश जिल्ह्यात होता तेव्हा, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीमुळे, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर विसंबल्या. भाव चढले, तशी रुईत सरकी, माती, पाणी मिसळण्याची ओरडही वाढली. १८६३ मध्ये मुंबई सरकारने भेसळीविरुद्ध कायदा करून इन्स्पेक्टर नेमले. पारख डोळ्यांनी आणि बोटांनीच व्हायची. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने गाठीवर कारखान्याची खूण व क्रमांक सक्तीचा झाला. गाठ कुठली ते कळू लागले. आत काय आहे ते नाही.

पुढे कचऱ्याचे रूप बदलले. माती-पातीसोबत केस, चिंध्या, सुतळी आणि पोत्यांचे प्लास्टिकचे धागे आले. यंत्रात असा एक धागा शेकडो तुकड्यांत पांगतो आणि दोष बरेचदा कापड रंगवल्यावरच दिसतो. सूतगिरण्यांत कापूस पसरून बायका हाताने निवडत. यंत्रांचा वेग वाढला, तशी ही निवड अपुरी पडली. गेल्या शतकाच्या अखेरीपासून कापूस वाहणाऱ्या नळांवर कॅमेरे बसू लागले.

खरी मेख वेगात आहे. हवेच्या झोतात पुंजका सेकंदाला १० मीटर धावत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात तो १ सेंटिमीटर सरकतो, चित्र फरफटते. म्हणून एकेक रेघ टिपणारा कॅमेरा आणि प्रखर दिवे लागतात. अर्धा मीटर पुढे हवेची तोटी असेल, तर ती नेमकी सेकंदाच्या विसाव्या भागानंतर उघडायला हवी. लवकर उघडली तर चांगली रुई जाते, उशीर झाला तर धागा निसटतो. वेग बदलला की हिशेब नव्याने. शिवाय पांढऱ्या रुईत पांढरे प्लास्टिक रंगावरून ओळखू येत नाही. त्यासाठी ध्रुवित प्रकाश वापरतात.

दीडशे वर्षांत पारखणारा डोळा बदलला. पारख मात्र माल शेतातून निघाल्यानंतरचीच राहिली. वेचणीची मजुरी किलोवर ठरते, म्हणजे तिथेही दाम वेगालाच. जो धागा शेतात दोन बोटांनी निघाला असता, त्याच्यासाठी गिरणी कॅमेरा, दिवे आणि तोट्या घेते. तो खर्च वहीत चढतो. वेचणाऱ्या बाईच्या नजरेला वहीत रकाना नाही. कापसाच्या प्रतीचा इतिहास लिहिताना तो रकाना आखावा लागेल.