मधुमेह झाल्यावर सकाळी काय खावे? खानदेशी न्याहारीचा हिशेब

जळगाव जिल्ह्यातील यावल हा सातपुडा आणि तापी यांच्यामधला तालुका. केळीच्या बागांचा हा भाग. इथला दिवस लवकर सुरू होतो. मजुरीला किंवा मळ्यात जाणारा माणूस पहाटे चहा घेऊन निघतो. कुणी घरून भाकरी-चटणी बांधून नेतो, तर कुणी स्टँडजवळ पोहे किंवा कचोरी खातो. अशा माणसाला डॉक्टरांनी "शुगर आहे" असे सांगितले की घरात पहिला प्रश्न पडतो तो सकाळच्या खाण्याचा. पोहे बंद करायचे का? भाकरी कितीही चालते का? घरची केळी खायची की नाही?

या प्रश्नांची उत्तरे समजून घेण्यासाठी महागडे पदार्थ किंवा परदेशी धान्ये लागत नाहीत. खानदेशातल्या स्वयंपाकघरात जे आहे, त्यातूनच बरीचशी सोय होते. मात्र प्रमाण, जोडी आणि औषधाची वेळ या तीन गोष्टी समजाव्या लागतात.

निदानाचे आकडे काय सांगतात?

रात्रभर उपाशी राहून सकाळी केलेल्या तपासणीत रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त आली, तर मधुमेह मानला जातो. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी डॉक्टर दुसरी तपासणी करून घेतात. एचबीएवनसी ही मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते.

उपचार सुरू झाल्यावर बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० पेक्षा कमी साखर हे लक्ष्य ठेवतात. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि इतर आजार असलेल्यांसाठी हे आकडे वेगळे असतात. आपले आकडे कोणते, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

"अंगाने बारीक आहे, मग शुगर कशी?" हा प्रश्न गावोगावी विचारला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. वजन कमी दिसले तरी भारतीयांच्या शरीरात, विशेषतः पोटात, चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे त्यांच्या कामातून पुढे आले. त्यामुळे बारीक माणसालाही न्याहारीचा हिशेब चुकत नाही.

सकाळचीच साखर अवघड का?

अनेकांना वाटते, रात्री काही गोड खाल्ले नाही तर सकाळी साखर कमी यायला हवी. प्रत्यक्षात पहाटेच्या सुमारास शरीर जागे होण्याची तयारी करते. कॉर्टिसॉल, वाढीचे संप्रेरक यांसारखी संप्रेरके वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. निरोगी माणसात इन्सुलिन ती सांभाळून घेते. मधुमेहात ते जमत नाही, म्हणून काही न खाताही साखर चढलेली दिसते.

याच काळात इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. त्यामुळे दुपारी सहज पचणारा पदार्थ सकाळी जास्त साखर वाढवतो, असा अनुभव अनेक रुग्णांना येतो. दिवसातला सर्वांत मोठा चढ बहुधा न्याहारीनंतरच असतो. बदलाची सुरुवात इथून करणे म्हणूनच फायद्याचे ठरते.

पोहे, भाकरी आणि कळणा: आकड्यांत

साखर वाढवणारा मुख्य घटक म्हणजे कर्बोदके, म्हणजे पिष्टमय आणि गोड पदार्थ. तंतुमय घटक आणि प्रथिने ही वाढ संथ करतात. प्रत्येकी ५० ग्रॅम कोरडा जिन्नस घेतला तर साधारण हिशेब असा:

• पोहे: कर्बोदके ३८ ग्रॅम, प्रथिने ४ ग्रॅम, तंतू २ ग्रॅमपेक्षा कमी
• ज्वारीचे पीठ: कर्बोदके ३४ ग्रॅम, प्रथिने ५ ग्रॅम, तंतू ५ ग्रॅम
• मुगाची डाळ: कर्बोदके २६ ग्रॅम, प्रथिने १२ ग्रॅम, तंतू ५ ग्रॅम

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, पोहे आणि ज्वारी यांच्या कर्बोदकांत फार मोठा फरक नाही. "भाकरीने शुगर वाढत नाही" हा समज चुकीचा आहे. ८० ग्रॅम पिठाच्या दोन मोठ्या भाकरी खाल्ल्या तर १०० ग्रॅमहून अधिक कर्बोदके पोटात जातात. भाकरीचा फायदा तंतूंचा आहे, आणि ती भाजी-डाळीबरोबर खाल्ली जाते याचाही. पोहे बहुधा नुसतेच खाल्ले जातात, वर शेव आणि शेजारी जिलेबी असते.

दुसरी गोष्ट डाळीची. खानदेशात ज्वारीबरोबर साल असलेले उडीद आणि मीठ दळून कळण्याची भाकरी करतात. ४० ग्रॅम ज्वारी आणि १० ग्रॅम उडीद धरले, तर नुसत्या ज्वारीपेक्षा कर्बोदके थोडी कमी आणि प्रथिने व तंतू थोडे जास्त मिळतात. फरक चमत्काराएवढा नाही, पण तो रोज मिळतो. कळण्यात मीठ आधीच असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी ते बेताने घालावे.

तूर किंवा मिश्र डाळी भिजवून, वाटून, वाफवलेले फुणके ही या हिशेबात सर्वांत चांगली बसणारी खानदेशी न्याहारी. त्यात धान्याचा वाटा नसतोच. सोबतच्या कढीत साखर किंवा गूळ घालू नये, एवढीच काळजी.

यावलमध्ये राहून केळी बंद?

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यावल, रावेर भागात केळी विकत आणावी लागत नाही, ती घरात असतेच. म्हणून "एकच तर खाल्ले" हे दिवसात तीनदा होते.

सोललेले मध्यम केळे, म्हणजे साधारण १२० ग्रॅम, सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके देते. म्हणजे एक केळे जवळजवळ एका छोट्या भाकरीएवढे झाले. फळ पिकते तसतसे त्यातल्या स्टार्चची साखर होते. सालीवर काळे ठिपके आलेले केळे म्हणून लवकर साखर वाढवते, तर नुकतेच पिवळे झालेले थोडे संथपणे.

केळी पूर्ण बंद करण्याची गरज बहुतेकांना नसते. अर्धे केळे, फार न पिकलेले, मूठभर शेंगदाण्यांबरोबर घ्यावे आणि त्या वेळी भाकरी किंवा पोहे तेवढे कमी करावेत. केळ्याचे शिकरण मात्र टाळावे, कारण त्यात केळे, दूध आणि साखर तिन्ही एकत्र येतात. केळीचे वेफर्स म्हणजे तळलेला स्टार्च, ते फळ म्हणून मोजू नयेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळ्यातील पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच ते खावे.

चहाचा लपलेला हिशेब

एक चमचा साखर म्हणजे ५ ग्रॅम. दोन चमचे घातलेला चहा दिवसात चार वेळा झाला, तर ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. पाहुणचारात चहाला नाही म्हणणे अवघड असते, म्हणून "बिनसाखरेचा द्या" ही सवय आधी घरात लावावी लागते. एकदम जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावा. गुळाचा चहा हा पर्याय नाही. रक्तातील साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. चहाबरोबरचे टोस्ट, खारी, बिस्किटे मैद्याची असतात, तीही न्याहारीतच मोजावीत.

ताट कसे मांडावे?

साधा नियम असा: ताटाचा निम्मा भाग भाजी किंवा कच्चे, पाव भाग डाळ, कडधान्य, अंडी किंवा दही, आणि उरलेला पाव भाग धान्य. खाताना आधी भाजी व डाळ आणि शेवटी भाकरी घेतली तर साखरेचा चढ कमी होतो, असे अभ्यासांत दिसले आहे.

यावलच्या घरात जमतील अशा काही न्याहाऱ्या:

• कळण्याची एक लहान भाकरी, वांग्याचे भरीत आणि वाटीभर दही. भरितात तेल बेताने.
• ज्वारीची एक लहान भाकरी, मेथीचा घोळाणा किंवा पालेभाजी आणि दोन उकडलेली अंडी.
• चार-पाच फुणके आणि वाटीभर कढी.
• मूगडाळीची दोन धिरडी, कांदा-कोथिंबीर घालून, सोबत काकडी.
• पोहेच हवे असतील तर एक मूठ पोहे, तेवढेच मोड आलेले मूग किंवा मटकी, कांदा, शेंगदाणे. शेव आणि साखर नको.

मळ्यात नेण्यासाठी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि उकडलेले हरभरे किंवा मटकी हा डबा टिकतो. कष्टाचे काम करणाऱ्याला बैठे काम करणाऱ्यापेक्षा जास्त धान्य लागते. त्यामुळे दोघांना एकच तक्ता लागू होत नाही. खाल्ल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यानेही साखर उतरण्यास मदत होते.

गोळी घेतली आणि खायचे राहिले

न्याहारीतली सर्वांत धोक्याची चूक गोड खाण्याची नसते. गोळी घेऊन उपाशी कामाला जाण्याची असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. त्या घेतल्या आणि पोटात काही गेले नाही, तर उन्हात काम करताना साखर एकदम खाली येऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. एकट्या मेटफॉर्मिनने तो फार कमी असतो. ती गोळी सहसा जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घेतात, म्हणजे पोटाचा त्रास कमी होतो.

घाम फुटणे, हात थरथरणे, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे. ती ७० च्या खाली गेली किंवा तशी शंका आली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी आणि नंतर भाकरी किंवा इतर काही खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. खिशात साखरेची पुडी ठेवणे आणि सोबतच्या मजुरांना आजाराची कल्पना देणे, हे औषधाइतकेच गरजेचे आहे.

न्याहारी सोडलीच तर?

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारित, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेकजण पाळतात. त्यात प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे असते. न्याहारी घ्यावी की टाळावी, यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. पण साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याने डोस न बदलता न्याहारी बंद करणे धोक्याचे आहे. असा बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा.

उपवासालाही हेच लागू. शिवाय साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, ताक, काकडी हा फराळ बरा, आणि गोळीचे काय करायचे ते उपवासाच्या आधी विचारून घ्यावे.

मोजून पाहावे

एकाच पदार्थाने दोन माणसांची साखर सारखी वाढत नाही. म्हणून न्याहारीच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी, अशी जोडीने साखर तपासावी. आज पोहे, दोन दिवसांनी कळण्याची भाकरी, मग फुणके, असे आठ-दहा दिवस करून वहीत तारीख, पदार्थ, प्रमाण आणि दोन्ही आकडे लिहावेत. ग्लुकोमीटर घरी नसेल तर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीची सोय असते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांपुढील सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची तरतूद आहे.

ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी. कोणती न्याहारी चालते, कोणती कमी करायची आणि गोळीचा डोस बदलायचा का, हे त्या दोन आकड्यांवरून ठरवणे सोपे जाते.