राजाज्ञा आणि लोकविश्वास : करवीर संस्थानाचा दाखला

आज्ञा छापली की ती प्रजेपर्यंत पोहोचली, हा राज्यकर्त्यांचा समज फार जुना आहे. करवीरच्या इतिहासाकडे आम्ही येथे या एकाच अंगाने पाहत आहोत.

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात राजर्षी शाहू छत्रपतींचा सुविख्यात हुकूम प्रसिद्ध झाला. महाराज त्या वेळी विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांस द्याव्यात, हा त्यातील भाग सर्वांच्या मुखी आहे. त्याच हुकमातील दुसऱ्या एका कलमाची चर्चा मात्र क्वचितच होते. हा हुकूम निघाल्यानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सरकारास सादर करावे, असे ते कलम होते. १८९४ साली सर्वसाधारण कारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, हे ध्यानी घेता या कलमाचे प्रयोजन उघड होते. ज्यांचे हितसंबंध दुखावणार, त्यांच्याच हाती अंमलबजावणी होती.

खेड्यात प्रश्न याहून बिकट. जो निरक्षर आहे त्याला गॅझेट काय सांगणार? गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती. सरकारचे म्हणणे त्याच्या तोंडून जेवढे बाहेर पडेल तेवढेच रयतेस कळणार. १९१७ चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि १९१८ साली कुलकर्णी वतने नाहीशी करून पगारी तलाठी नेमणे, या दोन सुधारणा सहसा निरनिराळ्या सांगितल्या जातात. आम्हांस त्या एकाच सूत्रात ओवलेल्या दिसतात.

जानेवारी १९१९ च्या हुकमांत तर संदिग्धतेस जागाच ठेवली नाही. अस्पृश्य नोकरांस समतेने वागविणे ज्या अधिकाऱ्यांस मान्य नसेल, त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. त्यांस पेन्शन मिळणार नाही. मुदत व परिणाम या दोहोंसह काढलेला हुकूम साहेबाच्या कचेरीतील शिपायासही समजतो.

येथे सम्राट अशोकाची आठवण होते. धौली येथील आपला लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकविला जावा, मध्यंतरी प्रसंगी एकट्या माणसासही ऐकवावा, असे त्याने महामात्रांस बजावले आहे. अधिकारी ही आज्ञा पाळतात की नाही हे पाहण्यासाठी दर पाच वर्षांनी दौऱ्यावर माणूस पाठविण्याची व्यवस्थाही त्यात आहे. उलट, प्रजेची वार्ता आपणास भोजनसमयी वा अंतःपुरातही कळवावी, असे सहाव्या शिलालेखात तो सांगतो. दगडावर कोरूनही त्याला ऐकविणाऱ्याची व ऐकून घेणाऱ्याची गरज वाटली.

करवीरास ही दुसरी बाजूही लाभली. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले आणि त्यास महाराजांचे अर्थसाहाय्य मिळाले. पुढे २१ व २२ मार्चला माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. तेथे महाराज फर्मान घेऊन गेले नाहीत. लोकांनी बोलाविलेल्या सभेत ते जाऊन बसले आणि तुम्हांस तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी लोकांस सांगितले.